ऱ्याकुनिन नावाचा सम्राट कधी झालाच नाही

मोबाइलवर अधूनमधून एक मजकूर फिरत असतो. शब्द बदलतात, आशय हाच: जपानचा सर्वांत अल्पकाळ टिकलेला सम्राट म्हणजे ऱ्याकुनिन. १२३८ साली गादीवर आला आणि ७४ दिवसांत संपला. त्याच्या नावाच्या उच्चारातून ‘माणसं नाहीशी होणं’ असा अर्थ निघायचा. नाव घेतल्याबरोबर साथ पसरली, माणसं पटापट मेली, आणि घाबरलेल्या शोगुनने, म्हणजे लष्करी सत्ताधीशाने, नाव रद्द केलं. एवढ्या दिवसांत झालं ते एकच, कामाकुराच्या भव्य बुद्धमूर्तीचं काम सुरू झालं. खाली कुणीतरी शेपूट जोडलेलं असतं, की ‘ऱ्याकुनिन दुसरे वर्ष’ लिहिलेला कागद दिसला तर तो बनावट समजावा, कारण ७४ दिवसांत दुसरं वर्ष येणार कुठून?

यात खरं आहे तेही आधी सांगून टाकू. ऱ्याकुनिन हे जपानच्या इतिहासातलं सर्वांत कमी टिकलेलं कालनाम (सम्राटाचं नव्हे, वर्षांचं नाव) आहे. ७४ हा आकडा बरोबर आहे. उच्चारावरची कोटीही हवेतली नाही, ती जुन्या बखरीत सापडते. (६८६ सालच्या शुचो या नावाबद्दल थोडी कुरबुर चालते. ते सम्राटाच्या मृत्यूबरोबर संपलं की वर्षअखेरीला, यावर एकमत नाही. ते बाजूला ठेवलं तर ऱ्याकुनिनला स्पर्धक नाही. ७४९ मधलं तेन्प्यो-कान्पो निदान साडेतीन महिने तरी टिकलं.) बाकीचा मजकूर मात्र एका गैरसमजाच्या पायावर उभा आहे आणि त्या पायावर प्रत्येकाने आपापली वीट ठेवली आहे.

नावाच्या लेखनाबद्दल एवढंच, की रोमन लिपीवरून उतरवताना कोणी ‘रायकुनिन’ लिहितं, कोणी ‘रयाकुनिन’. ‘खोऱ्यात’ आणि ‘वाऱ्यावर’ लिहिणाऱ्या माणसाला या कसरतीची गरज नाही. तोच ‘ऱ्या’ इथे आहे.

“ऱ्याकुनिन सम्राट ७४ दिवस गादीवर होता”

ऱ्याकुनिन हे माणसाचं नाव नाही. ते ‘नेंगो’ आहे, म्हणजे दरबाराने वर्षं मोजण्यासाठी जाहीर केलेलं नाव. नाव जाहीर झालं की ते वर्ष त्या नावाचं पहिलं, पुढचं दुसरं, आणि नवं नाव आलं की पुन्हा एकपासून मोजणी. ६४५ सालच्या ताइकापासून आजच्या रेइवापर्यंत अशी २४८ नावं झाली.

ऱ्याकुनिन जाहीर झालं तेव्हा गादीवर शिजो नावाचा सम्राट होता. १२३१ चा जन्म, १२३२ मध्ये राज्यारोहण, म्हणजे नाव बदललं तेव्हा पोरगा सात वर्षांचा. नाव आलं आणि गेलं, तो होता तिथेच होता. तो वारला १२४२ च्या सुरुवातीला, दहा वर्षांचा असताना. दासींना घसरवून पाडायची गंमत म्हणून त्याने पडवीच्या फरशीवर गुळगुळीत भुकटी पसरली आणि स्वतःच घसरला, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, तेव्हाचं कालनाम होतं निन्जी. आता गंमत पाहा: सम्राट मेला, त्यानंतर गादी अकरा दिवस रिकामी राहिली, कारण क्योतोतल्या दरबाराला कामाकुरातल्या शोगुनशाहीच्या होकाराची वाट पाहावी लागली, मग गो-सागा गादीवर बसला, आणि तरीही निन्जी हे नाव चालूच राहिलं. ते बदललं १२४३ च्या दुसऱ्या महिन्यात, वर्षभरानंतर. म्हणजे १२३८-३९ मध्ये सम्राट जिवंत असताना नाव दोनदा बदललं आणि १२४२ मध्ये सम्राट मेला तरी बदललं नाही. नाव आणि राजवट यांचा संबंध किती सैल होता ते एवढ्यावरून कळावं.

“जपानात प्रत्येक सम्राटाचं एक नाव असतं, म्हणून छोटं नाव म्हणजे छोटी राजवट”

ही खरी मूळ चूक. मेइजी, ताइशो, शोवा, हेइसेइ, रेइवा ही यादी आपल्या डोक्यात बसलेली असते आणि तीच आपण सात शतकं मागे नेऊन लावतो. एका राजाला एकच नाव हा नियम १८६८ चा आहे. मेइजी सम्राटाच्या वडिलांच्या, कोमेइच्या, वीस-एकवीस वर्षांच्या राजवटीत सात नावं झाली. त्यातलं मान्-एन जेमतेम वर्षभर टिकलं, गेन्जीचीही तीच गत.

शिजोच्या दहा वर्षांचा हिशोब मांडून पाहा. तो गादीवर आला तेव्हा आधीच्या राजवटीतलं जोएइ चालू होतं. १२३३ च्या चौथ्या महिन्यात तेन्पुकू, १२३४ च्या अकराव्यात बुन्र्‍याकू, १२३५ च्या नवव्यात कातेइ, १२३८ च्या अकराव्यात ऱ्याकुनिन, १२३९ च्या दुसऱ्यात एन्-ओ, १२४० च्या सातव्यात निन्जी. जोएइ धरून सात, आणि त्यातलं सर्वांत लांब म्हणजे कातेइ, तेही तीन वर्षांच्या आसपास. उलट टोकाला ओएइ हे नाव: १३९४ ते १४२८, जवळजवळ चौतीस वर्षं. मध्ये १४१२ मध्ये गो-कोमात्सू पायउतार झाला आणि शोको आला, तरी नावाला हात लागला नाही.

छोटं नाव म्हणजे क्षुल्लक नाव असंही नाही. जोएइ वर्षभरच होतं, पण १२३२ मध्ये शोगुनशाहीचा कारभार पाहणाऱ्या होजो यासुतोकीने काढलेली ५१ कलमांची योद्ध्यांची संहिता आजही ‘जोएइ संहिता’ म्हणूनच ओळखली जाते.

नाव बदलण्याची कारणं ढोबळ चार. पहिलं, नवा सम्राट, पण तेव्हाही बहुधा राज्यारोहणाच्या पुढल्या वर्षी. दुसरं, शुभ चिन्ह: ७०८ मध्ये मुसाशी प्रांतातून तांबं आलं म्हणून वादो. ही पद्धत पुढे मागे पडली. तिसरं, अरिष्ट: धूमकेतू, ग्रहांची चाल, भूकंप, आग, दुष्काळ, साथ. ९२३ पासून या कारणाची रांग लागली. चौथं, साठ वर्षांच्या चक्रातली दोन धोक्याची मानलेली वर्षं, ज्यात चिनी भाकितांप्रमाणे उलथापालथ होते. १२०१ आणि १२०४, मग १२६१ आणि १२६४, अशी ती नावं ठरल्यासारखी पडतात. शिजोच्या काळातलं तेन्पुकू हे राज्यारोहणाचं, बाकी पाच अरिष्टांची. ऱ्याकुनिन आणलं गेलं ते आकाशातल्या लक्षणांवरून. मंगळाची चाल वाकडी दिसली, असं ज्योतिषाधिकाऱ्यांनी कळवलं होतं.

“घाबरलेल्या शोगुनने नाव रद्द केलं”

तेराव्या शतकात शोगुन कामाकुरात आणि नाव ठरवणारा दरबार क्योतोत. शोगुनशाहीकडे जमीन होती, न्याय होता, तलवार होती. नाव देणं हे मात्र दरबाराचं काम, आणि कामाकुराला कळायचं ते निर्णय झाल्यावर. शोगुनशाहीचं यात खरं वजन पडलं ते फार पुढे, एदो काळात. १६१५ च्या दरबारी नियमावलीत कालनाम कसं निवडावं याचंही कलम आहे.

१२३८ मध्ये तर ‘शोगुन विरुद्ध दरबार’ असं चित्र काढणंच अवघड. क्योतोतला वजनदार माणूस होता कुजो मिचिइए. त्याचा मुलगा योरित्सुने हा कामाकुराचा शोगुन, आणि मुलीचा मुलगा शिजो हा सम्राट. एका घरात दोन्ही टोकं. त्याच वर्षी त्याने मुंडन करून दीक्षा घेतली, पण सूत्रं काही सोडली नाहीत. कारभारी म्हणून पदावर होता कोनोए कानेत्सुने, तो याचा जावई.

नाव ठरायचं कसं, हे नीट पाहण्यासारखं आहे, कारण ‘कुणीतरी घाईत भलतंच नाव ठेवलं’ हा समज इथेच गळून पडतो.

आधी दरबाराच्या चिनी विद्येच्या पंडितांना सांगितलं जाई. सुगावारा, फुजिवारा, ओए अशा ठरलेल्या घराण्यांतले, ‘मोन्जो हाकासे’ या हुद्द्याचे हे लोक. प्रत्येकाने काही नावं सुचवायची आणि प्रत्येक नावाखाली ती दोन अक्षरं कोणत्या चिनी ग्रंथातल्या कोणत्या ओळीतून घेतली ते लिहायचं. ऱ्याकुनिनची ओळ आहे सुई घराण्याच्या इतिहासातल्या संगीत-प्रकरणातली. भावार्थ असा, की सम्राटाचं तेज कालचक्र हाकतं आणि त्याची करुणा समुद्राकाठच्या मुलखापर्यंत खोल पोहोचते. त्यातलं ‘कालचक्र’ किंवा पंचांग या अर्थाचं अक्षर ‘ऱ्याकु’, आणि करुणेचं अक्षर ‘निन’.

मग ही टिपणं वरिष्ठ दरबाऱ्यांच्या बैठकीपुढे येत. तिथे जे चालायचं त्याला ‘नान्चिन’ म्हणतात: एकाने खोट काढायची, दुसऱ्याने बाजू मांडायची. बोलायची सुरुवात सर्वांत खालच्या दर्जाच्या माणसाने, म्हणजे वरिष्ठांचं मत ऐकून मान डोलावण्याची सोय नाही. आक्षेप ठरावीक वळणाचे असत. हे नाव चीनमध्ये किंवा इथे आधी वापरलंय का? कोणा मृत राजाची पदवी आहे का? यातलं एखादं अक्षर ज्या नावांत होतं त्या काळात काय घडलं? अक्षराची फोड केली तर काय वाचता येतं? याचा नेहमीचा दाखला म्हणजे ‘योग्य, सरळ’ या अर्थाचं अक्षर. वर ‘एक’ची आडवी रेघ, खाली ‘थांबणे’. फोड केली की ‘एकावर थांबला’, म्हणून त्या अक्षराबद्दल लोक साशंक. एवढं चाळून एक-दोन नावं वर जात, परत येत, पुन्हा चर्चा होई, आणि शेवटी एकावर शिक्का. मग सनदेचा मसुदा, अरिष्टाचं कारण असेल तर बहुधा सोबत कैद्यांना माफी, आणि प्रांतोप्रांती कळवणं.

इतक्या चाळणीतून हे नाव सुटलं कसं, हा प्रश्न रास्त आहे. आमचं मत असं: ही माणसं डोळ्यांनी वाचत होती. त्यांच्यापुढे कागदावर पंचांगाचं अक्षर आणि करुणेचं अक्षर होतं, दोन्ही सोज्वळ. बाजारातल्या माणसाला कागद दिसत नव्हता. त्याने फक्त ऐकलं.

“नावाचा अर्थच ‘माणसं नाहीशी होणं’ असा होता”

अर्थ नव्हे, उच्चार. जपानीत चिनी अक्षरांचे उच्चार इतके आखूड झालेत, की एकाच ध्वनीची डझनभर अक्षरं निघतात. ‘ऱ्याकु’ म्हटलं की पंचांग तर खरंच, पण ‘गाळणे’, ‘हिरावून नेणे’ या अर्थाचं अक्षरही तेच ऐकू येतं. ‘निन’ म्हणजे करुणा, तशी ‘निन’ म्हणजे माणूस. जोडून ऐकलं की ‘माणसं गाळली’, ‘माणसं पळवली’. (आज हे नाव ‘रेकिनिन’ असंही वाचतात, तसं वाचलं की कोटी मरते.)

ही कोटी येते ‘ह्याकुरेन्शो’ या बखरीत. ती ९६८ पासून १२५९ पर्यंतच्या घटना नोंदवते आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात रचली गेली. तिच्यातली नोंद काळजीपूर्वक वाचायला हवी. नाव बदलण्याचं कारण म्हणून तिथे अरिष्टाचाच उल्लेख आहे. कोटी त्याच्या पुढे येते, ‘लोक असं म्हणतात’ या सुरात, आणि त्यामुळे नाव झटपट बदललं असं ती सांगते. म्हणजे दरबारी कारण एक आणि गल्लीतलं कारण दुसरं, आणि बखरकाराने दोन्ही ठेवली. फिरत्या मजकुराने पहिलं उडवलं, दुसऱ्याला सम्राटाचं नाव केलं.

गल्लीतल्या कारणाला आम्ही हसण्यावारी नेणार नाही. ‘ऱ्याकुनिन’ हा उच्चार नुसती भीतीदायक कोटी नव्हता, तो कायद्यातला शब्द होता. जुन्या दंडसंहितेत चोरी-दरोड्याच्या भागात माणसं पळवून नेऊन विकण्याच्या गुन्ह्याला हाच शब्द आहे: ‘गाळणे, हिरावणे’चं अक्षर अधिक ‘माणूस’. आणि तो गुन्हा त्या पिढीला पुस्तकातून माहीत नव्हता. १२३० च्या सहाव्या महिन्यात, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, मिनो आणि मुसाशी प्रांतांत बर्फ पडल्याच्या नोंदी आहेत. पीक गेलं, आणि १२३१ मध्ये कांगीचा (हेही कालनामच) दुष्काळ टिपेला पोहोचला. लोकांनी बायकापोरं विकली, स्वतःला विकलं. जो भुकेल्याला खाऊ घालेल त्याने त्याला आपल्याकडे ठेवावं, अशी सूट शोगुनशाहीने त्या वर्षापुरती दिली. पुढे सात-आठ वर्षं त्याचे तंटे चालू होते. दुष्काळात घेतलेला माणूस कुणाचा, नातेवाइकांना तो परत मागता येतो का, याचा निकाल देणारे आणि माणसांची खरेदी-विक्री पुन्हा बंद करणारे हुकूम निघाले ते १२३९ च्या चौथ्या-पाचव्या महिन्यात, म्हणजे ऱ्याकुनिन जाऊन जेमतेम दोन-तीन महिने झाले होते. अशा दिवसांत दवंडीवाल्याच्या तोंडून ‘आजपासून ऱ्याकुनिन’ हे शब्द कसे कानावर पडले असतील? हा आमचा अंदाज आहे, बखरीत एवढं लिहिलेलं नाही. पण ही कोटी कुण्या रिकामटेकड्याला सुचलेली वाटत नाही.

नावावर कोटी करायची खोड जपानी लोकांना पुढेही होती. १७७२ हे मेइवा नावाचं नववं वर्ष. ‘मेइवा’ आणि ‘नऊ’ला ‘कु’ जोडून म्हटलं की ‘मेइवाकु’, म्हणजे त्रास, कटकट. त्याच वर्षी एदोत (आजच्या टोक्योत) प्रचंड आग लागली आणि वर्ष संपायच्या आत नाव बदलून आन्-एइ झालं. १८६८ मध्ये ‘मेइजी’ची दोन अक्षरं खालून वर वाचून लोकांनी ‘काही शांत व्हायचं नाही’ असा अर्थ काढला. ते नाव मात्र टिकलं.

“नाव ठेवल्याबरोबर साथ पसरली”

वर सांगितलेला दुष्काळ सात वर्षं आधीचा. तोच उचलून १२३८ वर ठेवलेला दिसतो. एका मोठ्या माणसाचा मृत्यू झाला, पण तो नंतर: १२२१ च्या बंडानंतर ओकी बेटावर हद्दपार केलेला माजी सम्राट गो-तोबा एन्-ओ पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या महिन्यात २२ तारखेला वारला. नाव बदललं होतं ७ तारखेला. पंधरा दिवस आधी वारला असता तर या मजकुराला आणखी एक परिच्छेद मिळाला असता.

“७४ दिवसांत दुसरं वर्ष येणार कुठून?”

अभ्यासकांना खरा त्रास देणारी चूक ही. वर्षाचा आकडा नाव सुरू झाल्यापासून बारा महिन्यांनी बदलत नाही, तो चांद्र नववर्षाच्या पहिल्या दिवशी बदलतो. आपल्याकडचा राज्याभिषेक शक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला सुरू झाला आणि त्याचं वर्षही त्याच तिथीला बदलतं. जपानी मोजणी तशी नाही. नाव कधीही सुरू होवो, पाडवा आला की दुसरं वर्ष.

ऱ्याकुनिन सुरू झालं कातेइ चौथ्या वर्षाच्या अकराव्या महिन्यात २३ तारखेला. महिन्याभराने बारावा महिना संपला आणि ऱ्याकुनिन दुसरं वर्ष लागलं. ते दुसऱ्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत चाललं. जवळजवळ निम्मे दिवस पहिल्या वर्षात, निम्मे दुसऱ्यात. तेव्हा ‘ऱ्याकुनिन दुसरे वर्ष, पहिला महिना’ हा अगदी अस्सल दिनांक. अलीकडचंच उदाहरण हवं तर शोवा: पहिलं वर्ष १९२६ च्या २५ ते ३१ डिसेंबरचं, सात दिवसांचं, आणि ६४वं वर्ष १९८९ च्या १ ते ७ जानेवारीचं, तेही सातच दिवसांचं.

कागद हाती आला तर तपासायचं कसं, त्याचा क्रम असा. आधी महिना-तारीख पाहा. पहिलं वर्ष असेल तर ती अकराव्याच्या २३ पासून बाराव्याच्या अखेरीपर्यंत असायला हवी, दुसरं असेल तर पहिल्याच्या १ पासून दुसऱ्याच्या ७ पर्यंत. त्या चौकटीबाहेर गेली तर ती कुठल्या बाजूने गेली ते बघा, कारण दोन्ही बाजूंना वजन सारखं नाही. नाव बदलून गेल्यावरही जुनंच लिहिलंय, म्हणजे कातेइ चौथ्या वर्षाचा बारावा महिना किंवा ऱ्याकुनिनच्या दुसऱ्या वर्षाचा दुसऱ्या महिन्यातला मधला दिवस, तर घाबरायचं कारण नाही. क्योतोची बातमी दूरच्या प्रांतात पोहोचायला दिवस लागत, आणि लिहिणारा त्याला माहीत असलेलं नाव लिही. उलट, नाव जाहीर व्हायच्या आधीच्या दिवसावर नवं नाव असेल, उदाहरणार्थ ऱ्याकुनिन पहिल्या वर्षाचा पाचवा महिना, तर तो कागद त्या दिवशी लिहिलेला असू शकत नाही. एकतर नंतरची नक्कल, नाहीतर बनावट.

सोबत साठ वर्षांच्या चक्रातलं नाव दिलेलं असेल तर तेही ताडून घ्या. आपल्या संवत्सरांसारखंच हे, नाव बदललं तरी चक्र थांबत नाही. ऱ्याकुनिन पहिलं म्हणजे पृथ्वी-श्वान, दुसरं म्हणजे पृथ्वी-वराह. दोन्ही जुळत नसतील तर लिहिणाऱ्याने नंतर आठवून लिहिलंय.

शेवटी इंग्रजी तारीख. २३ तारीख जुन्या युरोपीय म्हणजे जूलियन पद्धतीने ३० डिसेंबर १२३८ येते आणि ७ तारीख १३ मार्च १२३९. दोन्ही टोकं धरली तर ७४ दिवस, शेवटचा सोडला तर ७३. आकड्यावरून भांडणाऱ्यांनी आधी हे ठरवून घ्यावं. आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने यात सात दिवस मिळवावे लागतात. आणि सर्वांत नेहमीची घसरण इथे: कंसात ‘ऱ्याकुनिन पहिलं (१२३८)’ लिहिलेलं पाहून लोक बारावा महिनाही १२३८ मध्ये टाकतात. तो महिना जवळजवळ पूर्ण जानेवारी १२३९ मध्ये आणि फेब्रुवारीच्या पहिल्या काही दिवसांत पडतो. कंसातलं साल वर्षापुरतं खरं असतं, दिवसापुरतं नाही.

“कामाकुराच्या बुद्धाचं काम याच दिवसांत सुरू झालं”

हा वरच्याच घोटाळ्याचा पोटभाग. सनदेची भाषा ‘कातेइ चौथं वर्ष बदलून ऱ्याकुनिन पहिलं करत आहोत’ अशी असते, म्हणून नंतरच्या कालपटांत अख्ख्या वर्षावर नवं नाव चढतं. त्यामुळे तक्त्यात ‘ऱ्याकुनिन १’ पुढे जे जे दिसतं ते ७४ दिवसांतलं असेलच असं नाही, बहुतेक नसतंच. जोको नावाच्या भिक्षूने फुकासावा गावात बुद्धाच्या वास्तूचं काम काढलं ते तिसऱ्या महिन्यात, म्हणजे आठ महिने आधी, कातेइ चालू असताना. आणि ती मूर्ती लाकडी. १२४३ मध्ये तिची प्रतिष्ठा झाली. आज लोक जिच्यापुढे छायाचित्र काढतात तिच्याशी जोडलं जाणारं ब्राँझचं ओतकाम १२५२ मध्ये सुरू झालं. शोगुन योरित्सुनेची क्योतो भेटही तक्त्यात ऱ्याकुनिनखाली सापडते. तो दुसऱ्या महिन्यात क्योतोत शिरला आणि दहाव्यात कामाकुराला परतला. हे नाव ऐकलं तेव्हा तो घरी होता.

मग या दिवसांत खरोखर निघालेलं काय? एक हुकूम आहे, ऱ्याकुनिन दुसऱ्या वर्षाचा, पहिला महिना, २२ तारीख. विषय उत्तरेकडच्या मुत्सू प्रांताचा सारा. तिथला सारा कापडाच्या मापात ठरलेला होता. पण चीनमधून आलेली सुंग राजवटीची तांब्याची नाणी इतक्या लांबपर्यंत पसरली होती, की गावचे कारभारी आणि रयत कापडाऐवजी नाणीच भरू लागले, आणि वर्षागणिक हिशोब बिघडत चालला. शोगुनशाहीला हवं होतं रेशीम आणि कापड, तेही ठरल्या प्रतीचं, कारण भरलं जाणारं कापड निकृष्ट असल्याची तक्रारही त्याच हुकुमात आहे. म्हणून फर्मावलं, की शिराकावाच्या नाक्यापलीकडे नाण्यांचा वापर बंद. तिकडे जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी आणि इतरांनी नाणी नेऊ नयेत. उलट दिशेने, क्योतोकडे येणाऱ्यांच्या कनवटीला नाणी असली तर त्यांना अडवू नये.